भिवंडीच्या भूमीला साजेशी औषधी बाग

चिकित्सालयाच्या आवारात औषधी बाग असावी, हे मत सर्वमान्य आहे. परंतु मृग नक्षत्रावर उत्साहाने लावलेली पुष्कळशी रोपे पुढच्या वैशाखापर्यंत वाळून जातात. त्याचे मूळ पाण्याच्या टंचाईपेक्षा निवडीत अधिक आहे, असे आम्हांस वाटते. वनस्पतींची यादी आपण आधी करतो आणि भूमीचा विचार मागाहून. रुग्णाची प्रकृती न पाहता औषध योजावे, तसाच हा प्रकार होय.

चरकसंहितेच्या कल्पस्थानात जांगल, आनूप आणि साधारण असे देशाचे तीन भेद वर्णिले आहेत. सुरपालाच्या वृक्षायुर्वेदातही भूमीचे हेच भेद येतात. भिवंडीत मात्र एकाच वर्षात दोन देश नांदतात. जून ते सप्टेंबर या काळात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि भूमी आनूप होते. दिवाळीनंतर तीच मुरमाड जमीन जांगलासारखी तापू लागते. म्हणून दोन्ही अवस्था सोसणाऱ्या वनस्पतीच बागेचा कणा व्हाव्यात. अडुळसा, निर्गुंडी, कडुनिंबावर चढविलेली गुळवेल आणि उतारावरील शतावरी एकदा रुजल्या की फारशी निगा मागत नाहीत. पहिले दोन उन्हाळे बेताचे पाणी व बुंध्याशी पाचोळ्याचे आच्छादन एवढे पुरते. कोरफड उंचवट्यावर लावावी. पाणी साचल्यास तिचे मूळ कुजते. वेखंड व ब्राह्मी यांना हात धुण्याच्या जागेजवळचे, साबणविरहित पाणी द्यावे. अश्वगंधा व गुग्गुळ मूळचे कोरड्या देशातील. हौस असल्यास ते पागोळीपासून दूर, कुंडीतच ठेवावेत.

काल्हेर-कशेळीकडील खाडीकाठच्या खारट जमिनीत करंज तग धरतो. परंतु सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, ३६व्या अध्यायात, औषधग्रहणासाठी क्षारयुक्त भूमी वर्ज्य सांगितली आहे. तेथील वृक्ष सावलीसाठी व वाऱ्याच्या आडोशासाठी ठेवावेत. यंत्रमागांच्या वस्तीत तर अधिकच दक्षता हवी. रंगाईच्या सांडपाण्याच्या नाल्यालगत वाढलेले पान कितीही टवटवीत दिसले, तरी ते काढ्यात घालू नये. अशा आवारात विकतची स्वच्छ माती भरलेल्या मोठ्या कुंड्या आणि नळाचे पाणी हाच सुरक्षित मार्ग होय.

एवढ्याशा बागेतून औषधालयाची गरज भागणार नाही, हे उघड आहे. तिचे खरे मोल ओळखीत आहे. बाजारात अशोकाच्या सालीऐवजी आसुपालवाची साल मिळते, हे आपणांस ठाऊक आहेच. अनेक घरी तर आसुपालवालाच अशोक म्हणतात. आवारात सावलीच्या जागी एक सीता-अशोक वाढत असेल, तर नवशिक्या वैद्याला आणि माल उतरवून घेणाऱ्या औषधालय-चालकाला त्याचे पान, फूल व साल प्रत्यक्ष पडताळता येते. पारख गेली, तर शुद्ध पाठानुसार केलेला कल्पही निष्फळ ठरतो आणि त्याची झळ रुग्णाला सोसावी लागते.

येत्या पावसापूर्वी प्रत्येकाने आपल्या आवारात पाणी कोठे साचते, ऊन किती वेळ राहते आणि शेजारून कोणता नाला वाहतो, एवढे पाहून ठेवावे. रोपांची यादी त्यानंतर करावी. दहा जातींची बाग वर्षभरात सुकण्यापेक्षा चारच झाडे वर्षानुवर्षे टिकणे श्रेयस्कर होय.