वाहनातील द्विमार्गी रेडिओ संचाची सुरक्षित जोडणी : यावल परिसरातील सातपुड्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

जळगाव जिल्ह्याच्या उत्तर सीमेवर सातपुडा पर्वत पूर्व-पश्चिम पसरलेला आहे. त्याच्या पायथ्याशी तापी खोऱ्यातील काळी कसदार जमीन, केळीच्या बागा आणि बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्गावरील रावेर, फैजपूर, यावल, चोपडा ही गावे आहेत. याच्या वरच्या बाजूस यावल व रावेर तालुक्यांतील डोंगराळ वनक्षेत्र सुरू होते. १९६९ मध्ये घोषित झालेले यावल अभयारण्य सुमारे पावणेदोनशे चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले असून त्याची उत्तर बाजू मध्य प्रदेशाच्या हद्दीला भिडते. पाल, जामन्या, गाडऱ्या, लंगडा आंबा यांसारखी वनातील गावे व पाडे, तेथील पावरा, तडवी इत्यादी समाजांची वस्ती, उन्हाळ्यातील वणवे आणि अवैध वृक्षतोड यांमुळे येथे रात्री-अपरात्री वाहनाने फिरणे हा कामाचाच भाग होऊन जातो.

डोंगराच्या आड मोबाईलचा संकेत पोहोचत नाही. अशा वेळी वाहनात बसविलेला द्विमार्गी रेडिओ संच, म्हणजेच व्यवहारातील ‘वायरलेस सेट’, हा मदत मागण्याचा मुख्य आधार ठरतो. परंतु हाच संच निष्काळजीपणे जोडला गेल्यास वाहनाची बॅटरी उतरणे, तार जळणे किंवा प्रत्यक्ष आग लागणे असे प्रसंग ओढवू शकतात. सागाच्या वाळलेल्या पाचोळ्यावर उभ्या असलेल्या वाहनाने पेट घेतला, तर हानी केवळ त्या वाहनापुरती मर्यादित राहत नाही. म्हणूनच या जोडणीचा शास्त्रीय विचार होणे आवश्यक आहे.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे :

१) संचाच्या वीजजोडणीतील धोक्यांची कारणे स्पष्ट करणे.
२) संच व अँटेना यांच्या योग्य जागेचे विवेचन करणे.
३) परवाना, चाचणी व वापर यांविषयीच्या आवश्यक दक्षता मांडणे.

विषय विवेचन :

१. परवान्याचा प्रश्न

संच बसविण्यापूर्वी तो वापरण्याचा अधिकार आहे किंवा नाही हे पाहणे ही पहिली पायरी होय. भारतात रेडिओ वारंवारितांचे नियमन केंद्रीय दूरसंचार विभागाची वायरलेस नियोजन व समन्वय शाखा करते. या क्षेत्राचा कायदेशीर पाया १८८५ चा भारतीय तार अधिनियम आणि १९३३ चा भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियम यांनी घातला. दूरसंचार अधिनियम, २०२३ मधील तरतुदी २०२४ पासून टप्प्याटप्प्याने अमलात येऊ लागल्या.

परवान्यातून सूट असलेले पट्टे मोजके आहेत. २००५ च्या नियमांनी २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ हा ‘सिटिझन बँड’ कमाल ५ वॅट शक्तीच्या उपकरणांसाठी खुला केला. वाहनात सामान्यतः बसविले जाणारे १५० मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे २५ ते ५० वॅटचे संच या सवलतीत येत नाहीत. अशा संचासाठी वारंवारितेचे वाटप आणि परवानगी असणे बंधनकारक आहे. बाजारात संच विकत मिळतो म्हणजे तो वापरण्याची मुभाही मिळाली, हा समज चुकीचा आहे.

२. वीजपुरवठा : तार आणि फ्यूज

बहुतांश जीप व मोटारींमध्ये १२ व्होल्टची बॅटरी असते. ५० वॅट शक्तीचा संच बोलताना सुमारे १० ते १२ ॲम्पिअर विद्युतप्रवाह घेतो, तर केवळ ऐकण्याच्या स्थितीत अर्ध्या ॲम्पिअरपेक्षाही कमी घेतो. हा फरक लक्षात न घेता टेपरेकॉर्डरच्या किंवा सिगारेट लायटरच्या तारेवरच संच जोडण्याची पद्धत अनेक ठिकाणी आढळते. ऐकताना सर्व काही ठीक चालते. बोलण्याचे बटण दाबताच आवाज तुटतो किंवा तार तापू लागते.

याचे कारण साध्या गणिताने समजते. बॅटरीपासून डॅशबोर्डपर्यंत ३ मीटर अंतर धरल्यास जाणारी व येणारी मिळून ६ मीटर तार होते. १ चौरस मि.मी. जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरला सुमारे ०.०२ ओहम असतो. त्यामुळे १० ॲम्पिअर प्रवाहाला तारेतच सुमारे १.२ व्होल्टची घट होते आणि १२ वॅट ऊर्जा उष्णतेच्या रूपाने तारेत मुरते. इंजिन बंद असताना बॅटरीचा दाब १२.४ व्होल्ट असेल, तर संचापर्यंत ११.२ व्होल्टच पोहोचतात. १३.६ व्होल्टसाठी बनविलेल्या अनेक संचांना एवढा कमी दाब पुरत नाही. तीच तार ४ चौरस मि.मी.ची घेतल्यास घट सुमारे ०.३ व्होल्टवर येते. म्हणून संचासाठी बॅटरीपासून स्वतंत्र व जाड तार आणणे हाच योग्य मार्ग होय.

फ्यूजविषयी एक गैरसमज दूर होणे गरजेचे आहे. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः संचाच्या नव्हे, तर तारेच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीपासून संचापर्यंतची तार इंजिनच्या कडेने व पत्र्याच्या भिंतीतून जाते. वाटेत कोठेही तिचे आवरण घासून तांबे पत्र्याला टेकले, तर बॅटरी त्या तारेतून शेकडो ॲम्पिअर प्रवाह ढकलते आणि तार काही क्षणांत लालभडक होते. फ्यूज संचाजवळ असेल, तर त्याच्या अलीकडे घडणाऱ्या या प्रकारात तो निरुपयोगी ठरतो. त्यामुळे धन तारेवरील फ्यूज बॅटरीपासून शक्यतो वीतभर अंतरातच असावा. त्याचे मूल्य संचाच्या कमाल प्रवाहापेक्षा थोडे जास्त, परंतु तारेच्या क्षमतेपेक्षा कमी असावे. २५ वॅटच्या संचास साधारणतः १० ॲम्पिअरचा आणि ५० वॅटच्या संचास १५ ते २० ॲम्पिअरचा फ्यूज लागतो. अंतिम आकडा संचाच्या माहितीपत्रकातून घ्यावा. जळालेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळणे म्हणजे संरक्षणच काढून टाकणे होय.

इंजिन व केबिन यांमधील पत्र्याच्या छिद्रातून तार नेताना तेथे रबरी ग्रोमेट बसविणे अनिवार्य आहे. कच्च्या रस्त्यावरील सततच्या हादऱ्यांमुळे उघड्या पत्र्याची धार तारेचे आवरण कापते. तार सायलेन्सर, इंधनाची नळी आणि स्टीअरिंगचे हलते भाग यांपासून दूर ठेवून ठिकठिकाणी पट्ट्यांनी बांधावी. जोड केवळ पिळून टेप लावलेले नसावेत. योग्य मापाचे लग दाबून बसवावेत. खानदेशात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा उष्णतेत साध्या टेपचा डिंक वितळून जोड उघडा पडतो.

काम सुरू करताना बॅटरीची ऋण तार आधी सोडावी आणि शेवटी जोडावी. धन तार आधी सोडताना पाना पत्र्याला टेकल्यास मोठी ठिणगी पडते, आणि बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असण्याची शक्यता असते.

३. ऋण जोडणी आणि बॅटरी उतरण्याचा धोका

इंजिन व वाहनाची बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी सैल झाल्यास स्टार्टरचा शेकडो ॲम्पिअरचा प्रवाह परतीसाठी दुसरी वाट शोधतो. संचाची ऋण तार थेट बॅटरीच्या खुंटीवर असेल, तर हा प्रवाह संचातून व अँटेनाच्या केबलमधून जाऊ शकतो. म्हणून तशा जोडणीत ऋण तारेवरही फ्यूज दिला जातो. नव्या वाहनांत बॅटरीच्या ऋण खुंटीवर प्रवाह मोजणारा संवेदक असतो. तेथे ऋण तार खुंटीवर न जोडता, बॅटरीची तार बॉडीला जेथे मिळते त्या जागी रंग खरवडून घट्ट बसवावी.

थेट बॅटरीवर जोडलेला संच चालूच राहिल्यास काय होते हेही पाहणे उचित ठरेल. ऐकण्याच्या स्थितीत ०.४ ॲम्पिअर प्रवाह धरला, तर एका दिवसात जवळजवळ १० ॲम्पिअर-तास आणि आठवड्यात ६७ ॲम्पिअर-तास खर्च होतात. उभ्या वाहनाची बॅटरी संपण्यास एवढे पुरेसे आहे. यासाठी संचाची स्वतंत्र ‘इग्निशन’ तार जोडावी किंवा ठरावीक वेळेनंतर पुरवठा तोडणारा रिले वापरावा.

ट्रक, बस यांसारख्या जड वाहनांत दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट असतात. त्यांपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतल्यास ती सतत अपुरी भरते, तर दुसरी प्रमाणाबाहेर भरून खराब होते. येथे २४ वरून १२ व्होल्ट देणारा कन्व्हर्टर हाच योग्य उपाय होय. विद्युत वाहनांत नारिंगी आवरणाच्या उच्च दाबाच्या तारांना हात लावू नये.

४. संच बसविण्याची जागा

संच सैल ठेवणे किंवा सीटच्या फटीत खोचणे धोक्याचे आहे. ताशी ५० कि.मी. वेगाचे वाहन धडकेत अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबले, तर दीड किलोच्या संचाला रोखून धरण्यासाठी सुमारे ३० किलो वजनाइतके बल लागते. हे बल ब्रॅकेट व स्क्रूंनी पेलले पाहिजे. एअरबॅग उघडण्याच्या मार्गात संच, मायक्रोफोन किंवा केबल असू नये. काचेलगतच्या खांबातून केबल नेताना त्यात पडदा-एअरबॅग नाही याची खात्री करावी. संचाच्या मागील उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाभोवती हवा खेळती राहील इतकी मोकळी जागा असावी.

५. अँटेना : खरी शक्ती

१५० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी २ मीटर असते. तिचा चतुर्थांश म्हणजे ५० सें.मी.; प्रत्यक्षात अँटेनाची दांडी त्याहून किंचित कमी, सुमारे ४७-४८ सें.मी. भरते. तिला खाली धातूचा विस्तृत पृष्ठभाग लागतो आणि तो छताच्या मध्यभागी सर्वोत्तम मिळतो. पत्र्याचे छत आतील व्यक्तींना प्रारणापासून बऱ्याच अंशी आडोसाही देते. बोलत असताना बाहेरील व्यक्तीने अँटेनाला स्पर्श करू नये, कारण त्याने त्वचेला भाजू शकते.

अशा लहरी मुख्यतः सरळ रेषेत जातात. सपाट प्रदेशात २ मीटर उंचीच्या अँटेना असलेल्या दोन वाहनांमधील रेडिओ क्षितिज सुमारे ११ ते १२ कि.मी. येते, ३०० मीटर उंच टेकडीवरील रिपीटरशी तेच अंतर गणिताने ७५ कि.मी.च्या पुढे जाते. सातपुड्याच्या दऱ्यांत डोंगराची आड आल्यास यात मोठी घट होते. म्हणून संचाची शक्ती दुप्पट करण्यापेक्षा अँटेना योग्य जागी बसविणे आणि बोलण्यापूर्वी वाहन मोकळ्या उंचवट्यावर नेणे अधिक फलदायी ठरते.

केबल ५० ओहमची असावी. ती दारात चेपलेली किंवा तीव्र वळणाची नसावी. बाहेरील जोड जलरोधक करावा. पावसाचे पाणी केबलमधून आत उतरू नये म्हणून तिला खालच्या बाजूस एक वळसा द्यावा. जोडणीनंतर एसडब्ल्यूआर मीटरने तपासणी करावी. १.५ च्या आतील वाचन चांगले मानले जाते. ३ च्या वरील वाचन असताना बोलल्यास संचाची हानी होऊ शकते.

६. चाचणी व वापर

इंजिन चालू ठेवून, वाहन उभे असताना, थोडा वेळ बोलून पाहावे. त्या वेळी डॅशबोर्डवरील इशारादिवे लागणे, इंजिनचा वेग बदलणे असे काही घडल्यास केबलचा मार्ग बदलावा. महिनाभराने फ्यूज, जोड व स्क्रू पुन्हा तपासावेत.

इंधन भरताना संचावर बोलू नये. यावल परिसरात विहिरींच्या खोदकामात व खाणींत सुरुंग वापरले जातात. विद्युत डिटोनेटरच्या तारा अँटेनाप्रमाणे रेडिओ ऊर्जा ग्रहण करू शकतात; त्यामुळे अकाली स्फोटाची शक्यता नाकारता येत नाही. सुरुंगाची सूचना दिसताच संच बंद करणे इष्ट होय.

१ सप्टेंबर २०१९ पासून अमलात आलेल्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने वाहन चालविताना हातात धरण्याच्या संपर्क साधनाचा वापर धोकादायक वाहनचालनात समाविष्ट केला आहे. मायक्रोफोन शेजारील सहकाऱ्याने हाताळावा. चालक एकटा असल्यास त्याने वाहन थांबवूनच बोलावे.

निष्कर्ष :

१) वाहनातील रेडिओ संचाची सुरक्षितता त्याच्या किमतीवर अवलंबून नसून तार, फ्यूज, अर्थिंग व अँटेना यांच्या जोडणीवर अवलंबून असते.
२) स्वतंत्र जाड तार आणि बॅटरीजवळचा फ्यूज या दोन अल्पखर्चिक बाबी आगीचा मोठा धोका टाळतात.
३) डोंगराळ भागात वाढीव शक्तीपेक्षा अँटेनाची जागा व वाहनाची उंची निर्णायक ठरते.
४) स्थानिक गॅरेजमधील वायरमन व वाहनचालक यांना या बाबींचे अल्प प्रशिक्षण दिल्यास ते उपयुक्त ठरेल.

जामन्या-गाडऱ्याच्या घाटात रात्री अडकलेल्या पथकासाठी हा संच गावाशी असलेला एकमेव दुवा असू शकतो. तो दुवा ऐनवेळी तुटू नये आणि त्यातूनच नवे संकट उद्भवू नये, यासाठी जोडणीच्या वेळी दिलेला एखादा तास निश्चितच सार्थकी लागतो.