माळ्यावरचा तंबोरा : शोभेचा की सुराचा?

आज जरा वेगळा विषय घेतलाय. जुन्या वस्तूंनी घर सजवायची हौस हल्ली शहरात वाढली आहे. दिवाणखान्यात जुना रेडिओ, कर्ण्याचा ग्रामोफोन आणि कोपऱ्यात एखादा तंबोरा. त्यामुळे जुनं सामान घेणारे गावोगाव फिरतात. आपल्याकडं कुणाच्या माळ्यावर आजेसासऱ्यांचा तंबोरा असतो, कुठं देवळात भजनी मंडळाची वीणा नाहीतर पेटी धूळ खात असते. "पडूनच आहे, देऊन टाकू," असं आपण सहज म्हणतो. पण देण्याआधी ते वाद्य पुन्हा वाजू शकतं का, एवढं तरी बघायला हवं.

ते बघणारे कारागीर लांब नाहीत, आपल्या मिरजेतच आहेत. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी तिथली शिकलगार मंडळी तलवारींना धार लावायची. हत्यारांचं काम कमी झालं, तेव्हा त्यांचे कसबी हात वाद्यांकडं वळले. फरीदसाहेबांचं नाव त्यात पहिलं घेतात. पुढं या घराण्यांचं आडनावच सतारमेकर झालं. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे दुसरीकडं बनलेली वाद्यं मिरजेच्या नावानं विकता येत नाहीत.

तंबोरा म्हणजे मुळात शेतातलाच माल. त्याचा भोपळा सोलापूर जिल्ह्यात, मंगळवेढा-पंढरपूर भागात पिकतो. हा भाजीचा भोपळा नव्हे. तो जाड सालीचा आणि कडू असतो. तो चांगला वाळवतात, कापून आतून साफ करतात. त्यावर लाकडाची पातळ तबली बसवतात, लांब पोकळ दांडी जोडतात, खुंट्या लावतात आणि चार तारा चढवतात. तबलीवर जी पट्टी असते ती घोडी. खरी करामत तिथंच आहे. घोडीचा माथा रुंद आणि किंचित उतरता घासलेला असतो. तार त्याला हलकेच घासत थरथरते, म्हणून तो भरलेला, घुमणारा आवाज येतो. याला जवारी म्हणतात. तारेखाली एक साधा दोरा असतो. तो मागंपुढं सरकवला की आवाज खुलतो.

बायकांचा आवाज उंच पट्टीचा, म्हणून त्यांचा तंबोरा आकारानं लहान असतो. घरातला जुना तंबोरा लहान दिसला, तर तो खेळणं समजू नका. कदाचित तो घरातल्या एखाद्या गाणाऱ्या बाईसाठीच घेतलेला असेल. हिराबाई बडोदेकर 1905 साली मिरजेतच जन्मल्या. बायकांनी लोकांसमोर बसून गाणं कमीपणाचं मानायचे, त्या काळात त्यांनी जाहीर मैफली केल्या.

आता वाद्य कसं तपासायचं ते बघू. पहिलं, खुंट्या फिरतात का? निव्वळ शोभेच्या वाद्याच्या खुंट्या बहुधा पक्क्या चिकटवलेल्या असतात. दुसरं, दांडीला डोळा लावून सरळ बघा, ती वाकली आहे का? तिसरं, घोडीखाली तबली खचली आहे का? चौथं, भोपळ्याला तडा किंवा किडीची भोकं आहेत का? भोपळ्याला तडा गेला म्हणून वाद्य संपलं असं नाही. तो सांधता येतो. घोडीला तारांच्या खाचा पडल्या असतील तर कारागीर ती घासून जवारी पुन्हा काढतो. ते काम मात्र कानानं करायचं असतं. घरी कानस घेऊन बसू नका.

सांभाळणं सोपं आहे. ओलावा, कडक ऊन आणि चुलीचा धूर, तिन्हींपासून वाद्य लांब ठेवा. भिंतीच्या ओलीला टेकवू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, तेल लावू नका, सुती कोरडं फडकं पुरे. जुन्या लुगड्याची जाड गवसणी शिवून घाला. बरेच दिवस वाजवणार नसाल तर तारा थोड्या सैल करा, म्हणजे दांडीवर आणि तबलीवर ताण राहत नाही. पेटी असेल तर उंदरांपासून जपा. ते भाता कुरतडतात. आणि पेटी अधूनमधून वाजवा, नाहीतर पितळी सुरांवर धूळ बसून ते अडकतात.

जुना रेडिओ सापडला तर एक सावधगिरी हवी. काचेच्या व्हॉल्व्हचा संच थेट विजेला जोडून बघू नका. त्यात फार मोठा दाब असतो, आणि वीज बंद केल्यावरही आत काही वेळ राहतो. तो जाणकारालाच उघडू द्या.

एवढं बघूनही विकायचं ठरलं तर जरूर विका, गरज कुणाला चुकली आहे? पण दारात आलेल्या पहिल्या भावाला हो म्हणू नका. वाद्य कारागिराला दाखवा, दुरुस्तीचा खर्च विचारा, दोन ठिकाणी किंमत काढा. वाद्य मंडळाचं असेल तर एकीनं परस्पर देऊ नये. बैठकीत विषय घ्या, ठराव लिहा, पैसे मंडळाच्या खात्यात जमा करा. आणि दुरुस्तीचा खर्च झेपण्यासारखा असेल, तर वर्गणी काढून ते वाजतं करा. शहरातल्या कोपऱ्यात त्याला नुसती धूळ पुसणारं कुणी मिळेल. आपल्याकडं एकादशीला त्याच्या सुराला सूर लावणाऱ्या पंधरा-वीस जणी आहेत.