सॉलिसिटरच्या पेढीतील उमेदवारी

इंग्लंडातील कायद्याच्या व्यवसायाचा विषय निघाला की आपल्या ओठांवर प्रथम ‘बॅरिस्टर’ हाच शब्द येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२२ साली ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले, ही गोष्ट आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या देशात बॅरिस्टरांहून संख्येने कितीतरी मोठा असा वकिलांचा दुसरा वर्ग आहे, तो सॉलिसिटरांचा. घराचे खरेदीखत, मृत्युपत्र, भागीदारीचा करार, कंपन्यांचे व्यवहार, दाव्याची पूर्वतयारी ही सारी कामे त्यांची. उच्च न्यायालयात उभे राहून युक्तिवाद करणे हे मुख्यतः बॅरिस्टरचे काम असले, तरी अशिलाची पहिली गाठ पडते ती बहुधा सॉलिसिटरशीच. मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेतही अशीच दुहेरी व्यवस्था होती. ती १९७६ च्या दुरुस्ती कायद्याने गेली; पण सॉलिसिटरांच्या पेढ्या आणि ते नाव मुंबईत टिकून राहिले.

इंदूर, बडोदे, बेळगाव किंवा पणजी येथून कायदा शिकावयास इंग्लंडला जाऊ इच्छिणाऱ्या तरुणांना व त्यांच्या पालकांना एक गोष्ट वेळीच समजली पाहिजे. तेथे पदवी मिळाली म्हणजे सॉलिसिटर झाले असे नव्हे. पदवीनंतर परीक्षा आहे, आणि परीक्षेइतकेच महत्त्व प्रत्यक्ष कामाच्या उमेदवारीला आहे. ही उमेदवारी मिळवावी कशी, हाच आजच्या भाषणाचा विषय होय.

या प्रथेचा इतिहास थोडक्यात पाहू. इंग्लंडात १७२९ च्या सुमारास झालेल्या कायद्याने पाच वर्षांची उमेदवारी सक्तीची केली. अशा उमेदवाराला ‘आर्टिकल्ड क्लार्क’ म्हणत. हा शब्द आपल्याकडे हिशेबतपासनिसांच्या कचेऱ्यांतून आजही ऐकू येतो. त्या काळी उमेदवाराला वेतन मिळणे दूरच राहिले. उलट मुलाला पदरी घ्यावे म्हणून बापच सॉलिसिटरला मोठी रक्कम मोजून देई. त्यामुळे ज्याच्या घरी पैसा वा ओळख, त्यालाच दार उघडे. स्त्रियांना तर ते पूर्णपणे बंद होते. १९१३ साली चार स्त्रियांनी परीक्षेला बसू द्यावे म्हणून न्यायालयात दाद मागितली, तेव्हा सॉलिसिटरविषयक कायद्यातील ‘व्यक्ती’ या शब्दात स्त्रीचा समावेश होत नाही, असा निर्णय झाला! १९१९ च्या कायद्याने ही आडकाठी दूर झाली आणि १९२२ साली कॅरी मॉरिसन या इंग्लंडातील पहिल्या स्त्री सॉलिसिटर झाल्या. दावा लावणाऱ्या चौघींपैकी मॉड क्रॉफ्ट्स याही पुढे सॉलिसिटर झाल्या. आज उमेदवाराला वेतन मिळते आणि निवड अर्ज, चाचणी व मुलाखत यांवरून होते. पूर्वी बापाची थैली जे काम करी ते आता अर्जाच्या कागदाला करावे लागते. म्हणून त्या कागदाकडे हलकेपणाने पाहून चालणार नाही.

आजचे नियम असे आहेत. २०२१ च्या सप्टेंबरपासून इंग्लंड व वेल्स येथे नवी सॉलिसिटर पात्रता परीक्षा सुरू झाली. तिचे दोन भाग आहेत. पहिल्यात १८० प्रश्नांच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, म्हणजे एकूण ३६० प्रश्न. प्रत्येकाच्या दिलेल्या उत्तरांपैकी सर्वांत योग्य ते निवडावयाचे. दुसऱ्यात अशिलाची मुलाखत, युक्तिवाद, मसुदा, पत्रलेखन यांसारखी प्रत्यक्ष कामे करून दाखवावी लागतात. याखेरीज दोन वर्षांचा मान्य कार्यानुभव लागतो. तो एकाच पेढीत मिळवला पाहिजे असे नाही. चार ठिकाणांपर्यंत मिळून तो पुरा करता येतो. विधी-साहाय्यक म्हणून केलेली नोकरी किंवा मोफत सल्ला केंद्रातील काम हेही, योग्य अधिकाऱ्याने प्रमाणित केल्यास, त्यात धरले जाते. तथापि, पेढीशी दोन वर्षांचा प्रशिक्षण करार करून उमेदवारी करणे हाच मार्ग अजून प्रतिष्ठेचा मानला जातो. त्यात सामान्यतः सहा-सहा महिने निरनिराळ्या शाखांत काम शिकविले जाते.

येथे पालकांनी एक हिशेब ध्यानात घ्यावा. नुसत्या या परीक्षेचे शुल्क चार हजार पौंडांहून अधिक आहे. शिकवणी आणि राहण्याचा खर्च निराळाच. परंतु अनेक मोठ्या पेढ्या आपल्या निवडलेल्या उमेदवाराचे परीक्षाशुल्क व शिकवणीचा खर्च स्वतः सोसतात. यास्तव आधी कर्ज काढून परीक्षा द्यावी आणि मग पेढी शोधावी, हा क्रम पुष्कळदा उलटा ठरतो. मोठ्या पेढ्या उमेदवारी सुरू होण्याच्या सुमारे दोन वर्षे आधी अर्ज मागवितात. सुट्टीच्या दिवसांत काही आठवडे विद्यार्थ्यांना कचेरीत काम करू देण्याची त्यांची योजना असते, आणि कित्येक ठिकाणी निवड बव्हंशी त्यातूनच होते. तिचे अर्ज साधारणतः शरद ऋतूत सुरू होतात. परदेशी विद्यार्थ्याने आणखी एक चौकशी प्रथमच करावी: परदेशी नागरिकाला नेमण्याचा सरकारी परवाना त्या पेढीजवळ आहे काय? नसेल, तर उत्तम अर्जही व्यर्थ जातो.

आता अर्जाकडे वळू. प्रत्येक अर्जात या ना त्या रूपाने तीन प्रश्न असतात. सॉलिसिटर का व्हावयाचे? आमचीच पेढी का? आणि तुम्हीच का? यांपैकी दुसऱ्या प्रश्नावर सर्वाधिक अर्ज कोसळतात. “आपली पेढी नामांकित असून येथे शिकण्याची उत्तम संधी आहे,” हे वाक्य पेढीचे नाव बदलून शंभर ठिकाणी पाठविता येते. म्हणून त्याची किंमत शून्य. जहाजांच्या विम्याचे दावे चालविणारी पेढी, भाडेकरूंची बाजू घेणारी पेढी आणि बँकांच्या कर्जाचे करार करणारी पेढी यांचा व्यवसाय एकच असला, तरी रोजचे काम अगदी भिन्न आहे. त्या कामातील एखादी गोष्ट समजून घेऊन तिचा आपल्या आवडीशी संबंध दाखविता आला, तरच उत्तर आपले झाले. अशी दहा-बारा पत्रे लक्षपूर्वक लिहिणे हे साठ पत्रे नकलून पाठविण्यापेक्षा अधिक फलदायी होय.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना आपली मुले दोन टोकांना जातात. काही जण विशेषणांची रास घालतात: मी कष्टाळू आहे, प्रामाणिक आहे, नेतृत्वगुणांनी युक्त आहे. काही जण संकोचाने आपल्या जमेची बाजूच लपवितात. समजा, बेळगावातील एखादा मुलगा चार वर्षे वडिलांच्या दुकानाची उधारीची वही सांभाळत आला आहे. मराठी, कानडी आणि हिंदी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांशी न भांडता त्याने थकलेली बाकी वसूल केली आहे. किंवा इंदुरातील एखाद्या मुलीने शेजारच्या वृद्ध विधवेच्या निवृत्तिवेतनाचे कागद तीन वेळा परत आले असताना चौथ्यांदा मंजूर करून आणले आहेत. ही कामे आपल्याला घरगुती वाटतात म्हणून अर्जात येत नाहीत. वस्तुतः अशिलाचे ऐकून घेणे, कागद तपासणे, मुदत पाळणे आणि चिकाटी हे सॉलिसिटरचे चारही गुण त्यांत आहेत. काय अडचण होती, आपण स्वतः काय केले आणि निष्पन्न काय झाले, एवढे पाच-सहा वाक्यांत सांगावे. विशेषण वाचणाऱ्याने लावावयाचे असते.

भाषा साधी व शुद्ध हवी. ज्याला उद्या करारातील एका स्वल्पविरामासाठी जबाबदार धरले जाणार, त्याच्या अर्जात पेढीचे नावच चुकलेले असले तर वाचणारा पुढे जात नाही. लिहिलेला अर्ज दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचावा आणि नंतर दुसऱ्याकडून तपासून घ्यावा. यंत्राकडून अर्ज लिहवून घेण्याचा मोह आज सर्वत्र दिसतो. त्यात धोका असा की, मुलाखतीत त्याच कागदावर प्रश्न विचारले जातात आणि तेथे यंत्र शेजारी नसते.

अर्जाच्या पुढची पायरी तर्कशक्तीच्या चाचणीची व मुलाखतीची. अनेक पेढ्या उमेदवारांना एकत्र बोलावून गटात चर्चा करावयास लावतात. तेथे सर्वांत मोठ्याने बोलणारा जिंकतो ही समजूत चुकीची आहे. गप्प बसलेल्या सोबत्याला बोलते करणारा परीक्षकांच्या नजरेत भरतो. उत्तर येत नसेल तर तसे सांगून, ते कसे शोधू हे सांगणे अधिक शहाणपणाचे. कारण अशिलाला चुकीचा सल्ला देण्यापेक्षा एक दिवस मागून घेणे केव्हाही बरे.

नकार येतील. एकेका जागेसाठी अर्ज पुष्कळ येत असल्याने चांगल्या उमेदवारालाही ते येतातच. त्यावरून घरच्या मंडळींनी मुलाच्या योग्यतेचा निवाडा करू नये. मुलानेही मुलाखतीनंतर नकार आल्यास कारण नम्रपणे विचारावे आणि पुढील अर्ज त्यानुसार सुधारावा. मधल्या काळात विधी-साहाय्यकाचे काम मिळाले तर ते कमीपणाचे मानू नये. वर सांगितल्याप्रमाणे ते कार्यानुभवात जमा होऊ शकते.

एके काळी या पेढ्यांच्या दारात उमेदवाराला, तुझा बाप कोण आणि तो किती देईल, असे विचारले जाई. आज निदान कागदावर तरी, तू काय केले आहेस, असे विचारतात. सधन घरच्या मुलाला आजही अधिक सोयी आहेत, हे खरे. परंतु या नव्या प्रश्नाचे उत्तर दुकानाच्या गल्ल्यावर बसलेल्या मुलापाशीही आहे. ते त्याने संकोच न करता, स्वच्छ शब्दांत आणि वेळेत लिहून पाठविले पाहिजे.