मंत्राचा नेम : गैरसमज आणि वस्तुस्थिती

'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' खेळताना रंगलेला डाव हमखास अडतो तो मंत्राच्या नेमावरून. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीच्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये याची उत्तरं आहेत, आणि ती माहीत असली की खेळाची मजा वाढते.

गैरसमज : लक्ष्य दिसत नसेल तर मंत्र टाकताच येत नाही.
वस्तुस्थिती : हे त्या-त्या मंत्रावर ठरतं. 'मॅजिक मिसाइल'च्या वर्णनात लक्ष्य दिसण्याची अट आहे, त्यामुळे अदृश्य शत्रू त्यातून सुटतो. 'फायर बोल्ट'ला ती अट नाही. शत्रू कुठे आहे याचा अंदाज बांधून तो मारता येतो. फक्त वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून कमी आलेला आकडा धरावा लागतो.

गैरसमज : फायरबॉल बंद दारापलीकडे फोडता येतो.
वस्तुस्थिती : लक्ष्यापर्यंतची वाट मोकळी हवी. दार बंद आहे, आत ऑर्क दबा धरून बसलेत आणि जादूगाराने न दिसणाऱ्या खोलीचा मध्य निवडला, तर स्फोट दाराच्या अलीकडेच होतो, म्हणजे स्वतःच्याच सोबत्यांमध्ये. आधी कुणीतरी दार उघडलं, तर तोच गोळा आत जातो. मग त्याची आग कोपऱ्यांनाही वळसा घालते, आणि खांबाआड लपलेला ऑर्कसुद्धा होरपळतो.

गैरसमज : फायरबॉल फक्त शत्रूंना भाजतो.
वस्तुस्थिती : २० फूट त्रिज्येत जो सापडेल त्याला सहा बाजूंच्या आठ फाशांइतकी इजा होते. चपळाईने बचाव साधला, तर निम्मी. जादूगार स्वतः त्या टप्प्यात असेल तर त्यालाही सूट नाही. इव्होकेशन शाखेच्या जादूगाराला मात्र दुसऱ्या पातळीपासून सोबत्यांना वाचवण्याची खास क्षमता मिळते.

गैरसमज : मंत्र स्वतःवर टाकता येत नाही.
वस्तुस्थिती : मंत्रात 'तुमच्या पसंतीचा जीव' असं म्हटलं असेल, तर त्यात तुम्हीही आलात. जखमी क्लेरिक 'हीलिंग वर्ड'ने स्वतःला बरं करू शकतो. लक्ष्य शत्रूच हवं किंवा दुसरं कुणी हवं असं लिहिलं असेल, तरच हा मार्ग बंद होतो.

गैरसमज : 'होल्ड पर्सन' कुणालाही जखडतो.
वस्तुस्थिती : तो फक्त ह्युमनॉइड जीवांवर चालतो. झॉम्बी माणसासारखा दिसला तरी नियमाने तो 'अनडेड', म्हणून त्याच्यावर हा मंत्र वाया जातो.

म्हणून फासा टाकण्याआधी मंत्राचं वर्णन सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचा. पल्ला किती, वाट मोकळी आहे का, दिसण्याची अट आहे का आणि लक्ष्य कुठल्या प्रकारचं हवं, एवढं तपासलं की बहुतेक वाद उद्भवतच नाहीत. उरलेल्यांचा निकाल डन्जन मास्टर देतो, आणि तो मान्य करून डाव पुढे न्यावा.