ठेव ठेवण्यापूर्वी विचारावयाचा एक प्रश्न

निवृत्तीच्या वेळी हाती आलेली रक्कम, मुलीच्या विवाहासाठी बाजूला काढलेले पैसे, वडीलधाऱ्यांच्या औषधपाण्याची तरतूद, हे सारे बहुधा मुदत ठेवीत गुंतविलेले असते. ती ठेव कोठे ठेवावी हे ठरविताना आपण सामान्यतः दोन गोष्टी पाहतो : व्याजाचा दर आणि तेथील ओळखीचा माणूस. परंतु तिसरी गोष्ट विचारणे अधिक अगत्याचे आहे. "या ठेवीस विम्याचे संरक्षण आहे काय?"

विमा कोणत्या ठेवींना?

भारतात ठेव विमा १९६२ पासून अस्तित्वात आहे. रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे 'ठेव विमा व पत हमी महामंडळ' हे कार्य पाहते. १९९३ पासून एक लाख रुपये असलेली मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख रुपये करण्यात आली. विम्याचा हप्ता बँक भरते, ठेवीदारास काहीही द्यावे लागत नाही.

राष्ट्रीयीकृत, खासगी, ग्रामीण, लघु वित्त तसेच सहकारी बँकांतील ठेवींना हे संरक्षण लाभते. पतसंस्थांतील ठेवींना मात्र ते नाही, मग त्या संस्थेचा कारभार एका राज्यात असो वा अनेक राज्यांत. संस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली आहे, एवढ्यावरून तिच्यातील ठेव विमासंरक्षित ठरत नाही. अनेक पतसंस्था सचोटीने चालतात, यात शंका नाही. तथापि संस्था अडचणीत आली तर ठेवीदारास हे महामंडळ साहाय्य करू शकत नाही, हे ध्यानी असावे.

पाच लाखांचा हिशेब

ही मर्यादा प्रत्येक खात्यास नसून एका बँकेतील एका ठेवीदारास आहे. त्याच बँकेच्या निरनिराळ्या शाखांतील बचत, चालू व मुदत ठेवी एकत्र मोजल्या जातात. मुद्दल व व्याज दोन्ही त्यात येतात. उदाहरणार्थ, ४,८०,००० रुपये मुद्दल आणि ४०,००० रुपये व्याज झाले असल्यास ५,२०,००० पैकी ५,००,००० रुपयांनाच संरक्षण मिळते. दुसऱ्या बँकेतील ठेवीस स्वतंत्र मर्यादा असते. पतीचे, पत्नीचे व दोघांचे संयुक्त खाते हेही स्वतंत्र गणले जाते. संस्थेच्या नावे असलेल्या ठेवींनाही हीच मर्यादा असल्याने कोषाध्यक्षांनी याची नोंद घ्यावी.

एक धडा

सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. आरंभी ठेवीदारांना केवळ एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ज्यांचे सर्वस्व त्या एकाच ठिकाणी होते, त्यांची झालेली ओढाताण सर्वांनी पाहिली. पुढे २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. आता बँकेवर असे निर्बंध आल्यास विम्याची रक्कम ९० दिवसांच्या आत देण्याची तरतूद आहे.

काय करावे?

१. बँकेत विमा नोंदणीविषयी स्पष्ट विचारावे. विमाधारक बँकांची यादी महामंडळाच्या संकेतस्थळावर पाहावयास मिळते.

२. पाच लाखांहून अधिक रक्कम असल्यास ती दोन-तीन बँकांत विभागावी. टपाल कार्यालयाच्या बचत योजनांना केंद्र शासनाची हमी असते, त्यांचाही विचार करावा.

३. इतरांपेक्षा फार अधिक व्याज कोणी देऊ करीत असेल, तर ते कोठून येणार हे आधी विचारावे.

४. प्रत्येक ठेवीवर वारसाचे नामनिर्देशन करून पावत्यांची माहिती घरातील एका विश्वासू व्यक्तीस द्यावी.

ओळखीच्या माणसास हा प्रश्न विचारण्याचा संकोच वाटतो, हे खरे. परंतु प्रामाणिक माणसास त्याचा राग येत नाही, आणि ज्यास येतो त्याच्याकडे ठेव ठेवण्याची घाई करू नये.