मुंबईत प्रोबेट, गोंदियात फेरफार

गोंदिया जंक्शन मुंबई–हावडा मार्गावर आहे. या मार्गाच्या दोन्ही टोकांना, मुंबईत आणि कोलकात्यात, एखाद्या हिंदू माणसाने मृत्युपत्र केलं, तर त्याच्या जोरावर न्यायालयात हक्क सांगण्याआधी प्रोबेट घ्यावं लागायचं. तेच मृत्युपत्र गोंदियात, गोंदियातल्या घराविषयी केलं असेल, तर प्रोबेटची सक्ती नव्हती. कायदा एकच, १९२५चा भारतीय उत्तराधिकार कायदा. मग हा भेद आला कुठून? १ सप्टेंबर १८७० या तारखेतून.

त्या दिवशी ‘हिंदू विल्स ॲक्ट’ लागू झाला. तो संपूर्ण हिंदुस्थानासाठी नव्हताच. बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या ताब्यातला मुलूख आणि मुंबई व मद्रास उच्च न्यायालयांची मूळ दिवाणी हद्द, एवढ्यापुरताच तो होता. आजचा गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात आणि १८६१ साली स्थापन झालेल्या मध्य प्रांतात होता, म्हणजे रेषेबाहेर. १९२५च्या कायद्याने ही रेषा कलम ५७ मध्ये जशीच्या तशी उचलली. पुढे लेफ्टनंट गव्हर्नर गेले, मध्य प्रांत गेला. गोंदिया मध्य प्रदेशातून १९५६ साली मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात आणि १ मे १९९९ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला. नकाशे बदलत राहिले, मृत्युपत्रांच्या हद्दीचा निकष मात्र १८७०चाच राहिला.

ही रेषा मालमत्तेचाही माग काढत असे. समजा, गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्याने गावात बसून मृत्युपत्र केलं. त्यात गावची धानाची बांधी असेल तर प्रोबेट नको. पण त्याच कागदात मुंबईच्या गोरेगावातला फ्लॅट असेल, तर फ्लॅटपुरतं प्रोबेट हवं! आणि तोच फ्लॅट दहिसरचा नाका ओलांडून मीरा रोडला असेल, तर पुन्हा नको. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ही सक्ती करणारं कलम २१३ काढून टाकलं. आता कुठेच सक्ती नाही, पण स्वेच्छेने प्रोबेट घेण्याची वाट खुली आहे.

प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याची न्यायालयाची मोहोर. मृत्युपत्रात ज्याला व्यवस्थापक नेमलंय, त्यालाच ते मागता येतं. न्यायालय वारसांना नोटीस काढतं, हरकती मागवतं, सही, साक्षीदार आणि करणाऱ्याची मनःस्थिती तपासतं. गंमत अशी, की एवढं सगळं करूनही मालमत्ता कोणाची, हे ते ठरवत नाही. मृताने परक्याचं घर मुलाला लिहून दिलं असेल, तरी मृत्युपत्र खरं ठरू शकतं. घर मात्र परक्याचंच राहतं. दुसरं नवल वेळेचं. प्रोबेट दोन वर्षांनी मिळालं, तरी त्याचा परिणाम मृत्यूच्या क्षणापासून धरला जातो.

मग सक्ती नसलेल्या गोंदियात वारसाहक्क कोण तपासत आलं? गावपातळीवर पटवारी, म्हणजे तलाठी, ज्याचं आजचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे. खातेदार वारला की तीन महिन्यांत वारसांनी मृत्यूच्या दाखल्यासह कळवायचं. वारसांची नावं गाव नमुना ६-क मध्ये उतरतात, मग नमुना ६ मध्ये फेरफार पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस दिले जातात आणि शेवटी मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हे न झाल्याने गेलेल्यांचीच नावं सातबाऱ्यावर इतकी साचली, की २०२५ साली राज्यभर ‘जिवंत सातबारा’ मोहीम काढावी लागली.

पण फेरफार म्हणजे मालकीहक्क नव्हे. ती महसुलाची नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते, एवढंच. मृत्युपत्रावरच वाद असेल तर निवाडा दिवाणी न्यायालयाचा. मृत्युपत्रच नसेल, तर हिंदू पुरुषाच्या स्वतःच्या मिळकतीत मुलगे, मुली, पत्नी आणि आई समान वाटेकरी होतात. वडील या पहिल्या वर्गात नाहीत, हे ऐकून अनेकजण चमकतात.

बँकेतल्या पैशाची वाट आणखी निराळी. नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घट्ट बसला आहे. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या वारसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं, की शेअर्सचा नॉमिनी त्यांचा धनी होत नाही, वारसाहक्क वारशाच्या कायद्यानेच ठरतो. नॉमिनी नसेल आणि रक्कम मोठी असेल, तर बँक न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागते. ते फक्त येणी आणि रोख्यांसाठी असतं, शेतीसाठी नाही. त्याने खरी सुरक्षितता मिळते ती पैसे देणाऱ्याला: प्रमाणपत्र पाहून एकदा रक्कम दिली, की पुन्हा कोणी बँकेकडे बोट दाखवू शकत नाही.

गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा, देवरीकडच्या गोंड कुटुंबांना तर हिंदू वारसा कायदाच लागू नाही. तिथे रूढी चालते. जुलै २०२५ मध्ये शेजारच्या छत्तीसगडमधल्या एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. त्यासाठी संविधानाच्या समतेच्या हक्काबरोबर १८७५च्या मध्य प्रांत कायद्यातल्या ‘न्याय, समता आणि सद्सद्विवेक’ या तत्त्वाचाही आधार घेतला. गोंदियाही एकेकाळी त्याच प्रांतात होता.

उच्च न्यायालय असो की पटवारी, पद्धत एकच दिसते: जाहीर सांगा, हरकतीला वेळ द्या, मग नोंदवा. मेलेल्या माणसाला उलट प्रश्न विचारता येत नाही, म्हणून कायदा जिवंतांना विचारतो. मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, त्याला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवण्याचीही सोय आहे. दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. वेळ आली तर त्यांपैकी निदान एकाला न्यायालयात येऊन सांगावं लागतं. म्हणून मृत्युपत्र करताना वकिलाइतकाच विचार साक्षीदारांचा करावा: वयाने आपल्याहून लहान, गावात सहज सापडणारे आणि वाट्यात काडीचाही रस नसलेले.