तुळईचं नवं टोक

बंगळूरच्या चिकपेटमधल्या एका गल्लीत कापडाच्या दुकानावरचं जुनं घर दुरुस्तीला काढलंय. सागवानी तुळई ठणठणीत आहे. कुजलंय ते फक्त भिंतीत गेलेलं टोक. जुन्या घरांत हे नेहमीचंच. तिथे वारा लागत नाही, पावसाची ओल मुरत राहते. अख्खी तुळई बदलायची तर वरचा मजला उतरवावा लागेल. म्हणून खाली जॅक आणि टेकू देऊन सुतारमामांनी कुजका भाग कापला.

जोडायला घेतलं ते पाडलेल्या घरातलं जुनं सागवान. कच्चं लाकूड पुढे वाळताना आकसतं आणि सांधा ढिला पडतो.

"टोकाला टोक चिकटवलं तर?" मी विचारलं.

"नाही टिकणार, ताई. आडव्या कापाला सरस धरत नाही."

लाकूड आडवं कापलं की त्याच्या बारीक नळ्यांची तोंडं उघडी पडतात आणि सरस पिऊन टाकतात. पकड मिळते ती रेषांच्या लांबीला, म्हणून काप तिरका. नुसत्या सरसावर भिस्त असेल तर जाडीच्या आठपट ते बारापट लांब उतार लागतो. मामांची भिस्त खाचेवर आणि बोल्टवर. आठ इंची तुळईला त्यांनी अडीच फुटांचा तिरका सांधा घेतला, मधोमध एक पायरी ठेवून.

खरं कसब पुढे. एका अंगाला खडू घासायचा, दुसरं अंग दाबून बघायचं, खडू उमटेल तेवढाच उंचवटा पटाशीने सोलायचा. हे दुपारभर चाललं. मग पायरीतल्या फटीत समोरासमोरून दोन पाचरी. "निधान, निधान," म्हणजे सावकाश, असं मामांनी पोऱ्याला कानडीत बजावलं. आळीपाळीने ठोके बसले, तसे दोन्ही तुकडे एकमेकांत ओढले गेले. शेवटी लोखंडी पट्ट्या आणि बोल्ट.

असा सांधा तुळईच्या मध्यावर घेऊ नये, कारण भाराने तुळई सर्वांत जास्त तिथेच वाकू पाहते. आधाराजवळ हा ताण कमी असतो.

लांब लाकूड जोडण्याचं हे ज्ञान जहाजं बांधणाऱ्यांनी फार पुढे नेलं. जमशेटजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधलेली 'ट्रिंकोमाली' १८१७ साली पाण्यात उतरली. ती सागवानी नौका इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. इथून जवळच टिपूचा १७९१ साली पुरा झालेला सागवानी महालही उभा आहे. सागवान एवढं टिकतं, आणि आपण टोक कुजलं म्हणून अख्खं घर पाडतो, याचं मला फार वाईट वाटतं.

नवं टोक दगडावर टेकलं. गवंडी भोवतीची फट सिमेंटने बुजवायला निघाला, तर मामांनी त्याचा हात धरला. दोन्ही बाजूंना आणि मागे बोटभर जागा वाऱ्यासाठी मोकळी ठेवायला लावली.